पावातलं पातं

६ जानेवारी

प्रिय मावशी,

हे पत्र पोचायच्या आधी एक मोठं खोकं तुझ्या दारात येऊन बसलं असेल. ते चुकून आलेलं नाही. परत पाठवू नकोस आणि त्याच्यावर कुंडीही ठेवू नकोस. पाय शेकायच्या मशीनवर तू कुंडी ठेवली होतीस, ते मी विसरलेले नाही.

खोक्यात पावाचं मशीन आहे. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट घालायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. मळणं, फुगवणं, भाजणं सगळं ते करतं. साडेतीन तासांनी पाव तयार. एक पाव, मावशी. एकच. ऐंशी मुलींचा नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून तू 'एकटीसाठी रांधता येत नाही गं' असं म्हणत चहा-बिस्किटांवर दिवस काढते आहेस. परवा डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं तर एक्केचाळीस किलो! मी शेजारी होते म्हणून कळलं. नाहीतर तू मला 'तब्येत झकास' असंच कळवलं असतंस.

फोनवर बोलून उपयोग नाही. एकतीस वर्षं त्या घरघरणाऱ्या पंख्याखाली उभी राहून तुझे कान गेले, आणि काहीही विचारलं तरी तू 'हो हो' म्हणतेस. म्हणून लेखी देते. ३१ मार्चपर्यंत पंचेचाळीस किलो. नाहीतर मी बॅग घेऊन येणार आणि तुला माझ्याकडे घेऊन जाणार. आतली खोली रिकामी केली आहे. पडदेसुद्धा लावलेत.

बस कार्यालयात बारा वर्षं मी वेळापत्रकं आखते आहे. एखादी बस चुकेल, मी ठरवलेली तारीख चुकायची नाही.

तुझी,
भिंगरी

१४ जानेवारी

भिंगरे,

खोकं पोचलं. दोघांनी धापा टाकत वर आणलं. कुंडी ठेवलेली नाही. ठेवून बघितली होती, छान बसली असती.

तुझी आतली खोली तुझ्यापाशीच राहू दे. इथल्या समोरच्या टाकीवरचे कावळेसुद्धा मला ओळखतात. तुझ्याकडे सातव्या मजल्यावर मला कोण ओळखणार? लिफ्ट?

आता तुझ्या मशीनबद्दल. बरोबर एक चमचा आला आहे, बाहुलीच्या खेळातला असावा तसा. मी जन्मभर मीठ मुठीनं घातलं. पहिल्या दिवशीही मुठीनंच घातलं. तो पाव कावळ्यांना टाकला तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी यीस्ट 'एवढ्याशानं काय होतंय' म्हणून तीन चमचे. अगं, झाकण वर उचललं गेलं! पीठ बाहेर डोकावून मला बघत होतं, मी पिठाला बघत होते. तिसऱ्या दिवशी ते मळता मळता ओट्यावरून चालायला लागलं. डब्यांपाशी ठेवलेलं नळापाशी पोचलं. पडता पडता धरलं. आता पायाखाली ओलं फडकं घालते, मग गप उभं राहतं.

पाव झाला की ते शीळ घालतं म्हणे. मला कुठली ऐकू यायला! ते मला खालच्या मजल्यावरच्या वाद्यवाल्यांनी सांगितलं. व्हायोलिनं दुरुस्त करतात. चार वर्षांत चार शब्द बोलले नव्हते, परवा ताडताड वर आले. म्हणाले, 'बाई, पहाटे पाचला तुमच्याकडे कुणीतरी कुणालातरी बडवतं आणि साडेआठला शीळ वाजते. तीही बेसूर.' मी म्हटलं, 'पाव आहे.' ते म्हणाले, 'पाव असा वाजत नाही.' आणि गेले.

पण चौथा पाव जमला हो! खमंग वासानं जिना भरून गेला. सगळा खाल्ला. झालं समाधान?

वसतिगृहातली पाटी अजून दाराशीच आहे. सवयीनं रोज सकाळी खडूनं लिहिते : आज ताटं १. नव्याचे नऊ दिवस संपले की तुझ्या मशीनचं काय ते बघू.

तुझी मावशी

२२ जानेवारी

प्रिय मावशी,

सगळा खाल्लास! मी कार्यालयात ते वाक्य शेजारच्या टेबलाला वाचून दाखवलं.

पाटीचं वाचून हसू आलं. मी आकडे त्याच पाटीवर शिकले. शाळा सुटली की थेट तुझ्या स्वयंपाकघरात. म्हणजे थेट नाही, वाटेत सगळी मैदानं पालथी घालून. पाटीवर तू नेहमी एक ताट जास्त लिहायचीस. ऐंशी मुली असल्या की एक्क्याऐंशी. विचारलं की म्हणायचीस, 'उशिरा येणारं कुणीतरी असतंच.' जगाच्या उशिराची सोय केलीस. आता स्वतःचं एक ताट तरी नीट वाढून घे.

दर पंधरा दिवसांनी वजनाची चिठ्ठी पाठव. डॉक्टरीणबाईंच्या अक्षरातली, तुझ्या नाही.

भिंगरी

३ फेब्रुवारी

भिंगरे,

चिठ्ठी सोबत जोडली आहे. काट्यात काहीतरी बिघाड असावा.

बाकी मशीन आता माझ्या मुठीत आहे. रात्री सामान घालून घड्याळ लावून ठेवलं की पहाटे आपलं आपण सुरू होतं. मी उठते ती वासानं. इतकी वर्षं सगळ्या मुली माझ्या स्वयंपाकाच्या वासानं उठल्या. मला कुणी असं उठवलं नव्हतं. पहिल्या दिवशी अंथरुणातच बसून राहिले आणि वेड्यासारखी हसले.

शीळ ऐकू येत नाही त्यावरही उपाय निघाला. वाद्यवाले वैतागून खालून छताला काठी ठोकतात. ते ठोकणं पायांना कळतं. काठी बसली की मी पाव काढते. त्यांना वाटतं भांडण चाललंय. माझं आपलं काम होतंय.

रोज एक पाव खाते. किती वेळा लिहू?

तुझी मावशी

९ फेब्रुवारी

मावशी,

काट्यात बिघाड नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. साडेएक्केचाळीस.

आता हिशेब ऐक. रोज एक पाव म्हणजे महिनाभरात तीसेक पाव, म्हणजे पंधरा किलो पीठ. पंधरा किलो पिठातून अर्धा किलो मावशी वाढली. उरलेलं पीठ गेलं कुठे? तू मला ताकास तूर लागू देत नाहीस, पण कुठेतरी पाणी मुरतंय. नक्की.

भिंगरी

२० फेब्रुवारी

भिंगरे,

हवा बरी आहे. कावळे बरे आहेत. वरच्या मजल्यावरच्या शिवणवालीच्या दोन्ही मुली परीक्षेत पास झाल्या.

हां, एक बारीकसं काम होतं. त्या मशीनच्या डब्यात तळाशी एक पातं असतं बघ, पीठ फिरवणारं, अंगठ्याएवढं. ते तेवढं एक दुसरं मिळतं का बघ. जुनं जरा हरवलं आहे. मला कळलंच नाही. नेहमीसारखं सामान घातलं, बटण दाबलं आणि सकाळी झाकण उघडलं, तर खाली वीट, मध्ये डबकं आणि वर कोरडं पीठ. पहाटे ओट्याला हादरेही बसले नाहीत.

गंमत म्हणजे वाद्यवाल्यांची काठीही बंद आहे. उलट काल येऊन माझ्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालून गेले. जाताना मान लववून नमस्कार केला. माणूस आजारी तर नसेल?

पात्याचं विसरू नकोस. घाई नाही. पण लवकर.

तुझी मावशी

२५ फेब्रुवारी

मावशी,

मी मशीनची पुस्तिका काढून वाचली. पातं डब्यात बसवलेलं असतं. ते डब्याबाहेर एकाच वाटेनं जातं : पावाच्या बुडाला रुतून. आता मला सांग. पाव तू खाल्लास. सगळा. मग पातं तुझ्या ताटात तरी असायला हवं, नाहीतर पोटात. पोटाचा फोटो काढायला डॉक्टरीणबाईंना सांगू का?

विनोद पुरे झाला. तू एक घासही खात नाहीस, हे मला कळलंय. खोटं लिहितेस आणि तेही वाईट लिहितेस.

मला राग आलाय असं समजू नकोस. मला भीती वाटते. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि घाबरायला वेळच मिळाला नाही, कारण दुसऱ्या दिवशी तू मला ओट्याशेजारी स्टुलावर बसवून मटार सोलायला दिलेस. आता मी एकोणचाळीस वर्षांची आहे. आता घाबरायला भरपूर वेळ आहे. तुला काही झालं तर मी कुठल्या स्टुलावर बसू?

पातं पाठवणार नाही. बॅग काढून ठेवली आहे.

भिंगरी

५ मार्च

माझ्या भिंगरे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. स्टुलापाशी दर वेळी थांबले.

खरं सांगते. कान धरून सांगते. पाव मी खात नव्हते. पहिला चांगला पाव झाला तेव्हा कापायला सुरी घेतली आणि हात पुढे जाईना. एकतीस वर्षं मी सगळ्यांना वाढून झाल्यावर, उभ्यानं, ओट्यापाशी, उरलेलं खाल्लं. उरलेलं पोटभर असायचं, तक्रार नाही. पण आधी वाढायचं आणि मग आपण, हे हाडीमाशी खिळलंय. इथे वाढायला कुणी नाही. मग उरणार काय आणि खाणार काय! म्हणून अख्खा पाव कागदात गुंडाळून देऊन टाकायचे. कधी शिवणवालीला, कधी टपालवालीला. माझ्या स्वयंपाकघरातून अर्धवट कापलेलं कधी काही बाहेर गेलं नाही, म्हणून कापायचेही नाही. त्यामुळे बुडाला काय रुतलंय ते मला कुठून दिसणार?

बारा फेब्रुवारीचा पाव वाद्यवाल्यांना दिला होता. रोज काठी ठोकतात बिचारे, म्हणून. तुझं पत्र आल्यावर मी सरळ घराघरांत जाऊन विचारलं, 'माझं पातं कुणी खाल्लं?' वाद्यवाल्यांनी दार उघडलं, आत गेले आणि व्हायोलिन पुसायच्या मखमली फडक्यात गुंडाळलेलं पातं घेऊन आले. म्हणाले, 'बाई, हे मी परत देऊ शकत नाही.'

'का?'

'तुम्ही माझ्या झोपेसाठी यंत्राची जीभच काढून पावातून पाठवलीत. एक शब्द न बोलता. एवढा समजूतदार शेजार मला आयुष्यात लाभला नाही.'

अगं, मला हसू आवरेना! जिन्याच्या कठड्याला धरून हसले. त्यांना खरं सांगितलं तर आधी कानापर्यंत लाल झाले आणि मग तेही हसले. म्हणजे मला ऐकू आलं नाही, पण खांदे हलत होते. तरी म्हणाले, 'दोन आठवडे शांत झोपलो, पण पावाशिवाय. पाव परवडला.'

पातं बसवलं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा पाव कागदात घालून त्यांच्या दारात नेला. घेईनात. म्हणाले, 'वर चला. तुमच्याकडेच खाऊ.' मी त्यांना बसवलं, कापून वाढलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. त्यांनी हात मागे घेतला. 'उभ्या माणसासमोर मी जेवत नाही. बसा.'

भिंगरे, एकतीस वर्षांत मला कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. मुली 'वाढा' म्हणायच्या. मी बसले. दोन तुकडे खाल्ले. मग तिसरा. रडू येत होतं आणि भूकही लागली होती. दोन्ही एकदमच, काय सांगू तुला!

कोरडा पाव किती दिवस खायचा, म्हणून काल सूप केलं. माझ्याकडचं सगळ्यात लहान पातेलं वीस माणसांचं. मग शिवणवालीला आणि मुलींना हाक मारली. टपालवाली पत्र द्यायला आली तिलाही बसवली.

आता तुला जे करायचं ते कर. पण खोटं लिहिणार नाही, कानाला खडा.

तुझी मावशी

२१ मार्च

भिंगरे,

सोळा दिवस झाले, तुझं पत्र नाही. टपालवाली जिन्यातूनच मान हलवते, मग बसून जेवते. तिलाही वाईट वाटतंय.

दुपारचं जेवण आता रोजचंच झालं आहे. शिवणवाली भाज्या चिरून आणते. तिची धाकटी पावाचं पीठ मोजते, तिच्या हाताला तो बाहुलीचा चमचा बरोबर बसतो. पाव आता दुपारच्या जेवणाला होईल असं घड्याळ लावते. वाद्यवाले शीळ वाजली की काठी ठोकत नाहीत, स्वतःच वर येतात. त्यांनी मशीनच्या पायांना व्हायोलिनच्या पेटीतली लोकर चिकटवून दिली आहे. आता ते चालत नाही, नुसतं डुलतं. शीळ मात्र अजून बेसूरच आहे म्हणतात. मला काय!

काटा त्रेचाळीसच्या पुढे गेला. चिठ्ठी जोडली आहे. तू रागावली असशील तर रागाचं तरी पत्र लिही.

तुझी मावशी

३१ मार्च

प्रिय मावशी,

आज मुदत संपली. वजन विचारत नाही.

मी रागावले नव्हते. ठरवत होते. तुला बेसावध गाठायचं म्हणून दोन दिवस आधी, रविवारी दुपारी आले. तुझ्या शेवटच्या दोन्ही पत्रांवर माझा विश्वासच नव्हता. पहिली खोटी होती, मग ही कशावरून खरी? वाटलं, पुन्हा गोड गोड लिहून मला गुंडाळते आहेस.

आणि आल्यावरही एक खोटं बोलले. बस उशिरा आली, आत्ताच पोचते आहे, असं सांगितलं. बस वेळेवर होती. मी अर्धा तास तुझ्या जिन्यात, मांडीवर रिकामी बॅग घेऊन बसले होते. दार अर्धवट उघडं होतं. पाटी आता बाहेरच्या बाजूला टांगली आहेस. आज ताटं ७. मी फटीतून मोजलं. तू, वाद्यवाले, शिवणवाली, दोन मुली, टपालवाली. सहा. म्हटलं, सातवं माणूस येऊ दे, मग जाऊ. बसल्या बसल्या तुला बघत होते. तू बसली होतीस, मावशी. खुर्चीत! तोंडात घास असताना धाकटीला दटावत होतीस. मी जन्मात तुला बसून जेवताना बघितलं नव्हतं, आणि हे तोपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी तर त्या स्वयंपाकघरात वाढले.

सातवं कुणी येईना. मग वाद्यवाले बाहेर आले. म्हणाले, 'मघापासून कुणीतरी बॅगची चेन उघडतंय, लावतंय. ऐकवत नाही. सातवं ताट तुमचं का?' मी म्हटलं, 'माहीत नाही.' ते म्हणाले, 'मग तुमचंच. या, सूप निवतंय.'

आत आले तर ताटावर ताट झाकलेलं. तू एवढंच म्हणालीस, 'हात धू.' सगळ्यांसमोर विचारता आलं नाही, म्हणून आता विचारते. मी येणार हे तुला कुणी सांगितलं? मी तर कार्यालयातही सांगितलं नव्हतं.

बॅग घेऊन आले ती तुला न्यायला. नेला तो पाव. रात्री घरी पोचून कापला. ओट्यापाशी, उभ्यानं खाल्ला. अर्धा खाऊन झाल्यावर लक्षात आलं की मी रोज अशीच जेवते. मग आतल्या खोलीत जाऊन तुझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसले आणि उरलेला तिथे खाल्ला. पडदे छान दिसतात. राहू देते.

तुझी,
भिंगरी

६ एप्रिल

माझ्या भिंगरे,

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. ताट रोजच झाकलेलं असतं. सगळ्यांची जेवणं झाली की ते धाकटी चट्टामट्टा करते. माणसं सहा, पाटीवर सात.

वेळापत्रकं आखतेस आणि एवढं साधं गणित सुटलं नाही तुला! वसतिगृहात मुली ऐंशी, ताटं एक्क्याऐंशी. ते जास्तीचं ताट मुलींसाठी होतं असं वाटलं तुला? त्यांना घंटेला हजर राहावं लागे. उशीर झाला की वसतिगृहाच्या मुख्य बाई दारातूनच परत धाडत. माझ्या स्वयंपाकघरात उशिरा येणारी एकच होती. गुडघे फोडून घेतलेली, एक वेणी सुटलेली, आल्या आल्या झाकण उचलून बघणारी. तू मोठी झालीस, नोकरीला लागलीस, सातव्या मजल्यावर जाऊन बसलीस, तरी माझ्या हातून तो आकडा कमी झाला नाही. निवृत्त झाले त्या दिवशीही एक जास्तच लिहिला होता.

आणि घरी आल्यावर पाटीवर जो '१' होता, त्यावर तू मला 'स्वतःचं एक ताट तरी नीट वाढून घे' असं ऐकवलंस. ते ताट माझं नव्हतंच गं. रांधणारी स्वतःला कधी मोजत नाही. ते तुझं होतं.

आता सातात मी आहे. मुद्दाम मोजलं. वाद्यवाल्यांनी खडू हातातून काढून घेतला होता आणि म्हणाले होते, 'बाई, एक विसरलात.'

काल काट्यावर उभी राहिले. चव्वेचाळीस किलो आणि आठशे ग्रॅम. म्हणजे तुझ्या हुकमाला दोनशे ग्रॅम कमी पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चपला घाला, पंचेचाळीस लिहिते. मी नको म्हटलं. कानाला खडा लावलाय ना. तर ठरल्याप्रमाणे मला न्यायला तुला यावं लागेल. येत्या रविवारी ये. त्याच्या पुढच्याही ये. बॅग रिकामीच आण.

उशीर झाला तरी चालेल.

तुझी मावशी